उशाशी जागण्याचा नवस

नवस बोलताना माणूस देवाला काहीतरी कबूल करतो. कुणी उपास कबूल करतं, कुणी दिवे, कुणी म्हणतं अनवाणी येईन. गादीवाल्याच्या बायकोने जागरण कबूल केलं होतं.

बावीस वर्षं झाली त्याला. तिला नववा लागला होता. आडवं झालं की छातीवर कुणी भरलेलं पोतं ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून दुकानामागच्या खोलीत दोन उशा आणि एक लांब लोड पाठीशी घेऊन ती रात्र रात्र बसून काढायची. लोड तिने स्वतःच शिवला होता. ती डावखुरी. खोळीच्या तोंडाला टाके घालायची ते सगळे उलटे कलायचे. नवऱ्याचे टाके उजवीकडे झुकलेले, हिचे डावीकडे. दुकानातल्या पन्नास लोडांत तिचा लोड अंधारातही बोटांना कळायचा. गादीवाला चिडवायचा, "तुझे टाके वारा लागल्यासारखे पडलेत." ती म्हणायची, "पडले तरी सुटत नाहीत."

तर एका रात्री तिने देवापुढची वात सारखी केली, पदर पसरला आणि नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "हे एवढं सुखरूप पार पाड. मग या पेठेत जिला जिला नववा लागेल, तिच्या उशाशी मी एक रात्र जागी बसेन. ती निजेल, मी तिचा श्वास ऐकेन."

सुईत दोरा ओवता ओवता गादीवाला हसला. "लोक देवाला काय काय देतात. तू जागरण देणार?"

"मग? सध्या माझ्यापाशी तेच भरपूर आहे."

"आणि बसल्या बसल्या डोळा लागला तर?"

"माझा नाही लागायचा. तुम्ही आपलं बघा. तुम्ही तर उभ्या उभ्या झोपता."

ते मात्र खरं होतं.

टेम्पोवाले अण्णा हे सांगत होते तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. जेवणं उरकली होती. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते आणि पायाशी पुतण्या अन् पुतणी. चाळीस वर्षं अण्णांनी बाजारपेठेतल्या दुकानांचा माल वाहिला, त्यातला निम्मा गादीवाल्याचा. पुतण्याची बायको आत निजायला गेली होती. गेली होती म्हणायचं, कारण तिच्या खोलीच्या दाराखालचा उजेड दर थोड्या वेळाने लागत होता, विझत होता. तिलाही परवाच नववा लागला होता. पुतण्याने आपलं अंथरूण आठवड्यापासून बाहेरच्या खोलीत हलवलं होतं. सकाळी सातची ड्यूटी, तिची चुळबुळ, झोपमोड होते म्हणे.

"अण्णा, आम्ही भुताची सांगा म्हटलं," पुतणी म्हणाली. "तुम्ही देवाची लावलीत."

"थांब गं. कधी कधी दोघं एकाच जिन्याने येतात."

अण्णा पुढे बोलू लागले. गादीवाल्याने हे त्यांना एकदाच सांगितलं होतं, टेम्पोत, समोरच्या काचेकडे बघत. पुन्हा कधी नाही.

नवस बोलून आठ दिवस झाले असतील. त्या दिवशी गादीवाल्याने एका वसतिगृहाच्या सतरा गाद्या पुऱ्या केल्या होत्या. नाकातोंडात कापूस, पाठीचा पार काटा ढिला झालेला. खोलीत आला तर ती तशीच बसलेली. श्वासाला बारीक शिट्टी. घोट्यांवर सूज. म्हणाली, "जरा बसा ना माझ्यापाशी."

त्याच्या जिवावर आलं. तो काही वाईट माणूस नव्हता. बायकोवर जीव होता त्याचा. पण दिवसभर गिऱ्हाइकांना तो एकच गोष्ट सांगायचा, की गादी मापाची असली, पाठ सरळ पडली, उशी पातळ असली की झोप येणार म्हणजे येणारच. तेच त्याने बायकोला सांगितलं.

"अगं, सगळ्यांनाच धाप लागते या दिवसांत. पोट वर आलंय ना. तू अशी गाठोडं होऊन बसतेस, झोप येणार कशी? सरळ पड."

ती नको नको म्हणत होती. त्याने लाडाने, हो, अगदी लाडाने, तिच्या पाठीमागचा लोड ओढून घेतला. दोन उशांतली एक काढली. तिला आपल्या हातच्या गादीवर उताणं निजवलं, कपाळावर हात ठेवला... आणि हात तसाच ठेवून स्वतः झोपी गेला.

मध्येच त्याला जाग आली. तिचा श्वास ऐकू येत होता. मोठा, ओढलेला, पाण्यातून आल्यासारखा. त्याने घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. तेवढ्यात तो श्वास शांत झाला.

त्याला वाटलं, चला, लागली एकदाची झोप.

आणि तो कुशीवर वळला.

 गॅलरीत अण्णा तांब्यातलं पाणी प्यायले.

डॉक्टर नंतर त्याला म्हणाले, गरोदरपणाच्या ओझ्याने तिचं हृदय थकलं होतं, फुफ्फुसांत पाणी साठलं होतं. तू लोड काढलास म्हणून ती गेली असं नाही. पण माणसाला आडवं होता येत नाही, बसूनही श्वास पुरत नाही, हे दिसत होतं ना? तेव्हाच आणायचं. त्या वेळी आणली असती तर दोन्ही जीव हाती लागले असते कदाचित. त्या "कदाचित"वर गादीवाला एकवीस वर्षं झोपला. म्हणजे झोपला नाहीच. तिचा लोड त्याने टाकला नाही, फोडून कापूसही काढला नाही. पोटमाळ्यावर ठेवला. नवसाचं मात्र कुणाला बोलला नाही. फेडणारीच नाही तर नवस कुठला?

आता गेल्या वर्षीचं ऐका. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. अमावास्या नव्हती, अण्णांनी आधीच सांगून टाकलं, उगाच मसाला घालायचा नाही. चांगला अर्धा चंद्र होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास दुकानात एक तरुण आला. बोटांना शाई. छापखान्यात रात्रपाळीला होता.

"काका, एक लांब लोड हवाय. बायकोसाठी. आजच हवा."

"आजच? अरे, कापूस पिंजायचा, खोळ बेतायची..."

"नववा लागलाय तिला. पाच रात्री डोळ्याला डोळा नाही. मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कुशीवर निजा, पाठीशी काहीतरी लावा. आम्ही चादरी गुंडाळून लावतो, त्या सरकतात."

गादीवाल्याने पुढे काही विचारलं नाही. शटर अर्धं खाली ओढलं आणि बसला. नवा कापूस घेतला. निळ्या पट्ट्यांचं कापड त्याच दिवशी आलं होतं, त्याच्या ताग्याला पहिली कात्री लावली. भरून, ठोकून, पुन्हा भरून नऊ वाजता लोड तयार झाला. एक तोंड शिवायचं राहिलं होतं. तिथे दुहेरी, दाट शिवण लागते, नाहीतर कापूस हळूहळू बाहेर येतो. पण वेळ कुठे होता? त्याने पाच-सहा कच्चे टाके मारले, लांब लांब, नुसतं तोंड धरून ठेवण्यापुरते. उद्या सकाळी जाऊन पक्के करून देऊ म्हणाला मनाशी. चाळीस वर्षांत कच्च्या टाक्याचा माल त्याने दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता. त्या रात्री दिला.

छापखानेवाल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, दुसऱ्या मजल्याचा दिवा गेलेला. दार सताड उघडं. सुनेला कोंडल्यासारखं होतं म्हणून रात्रंदिवस उघडंच ठेवत होते. सासूबाईंची खाट दाराशीच होती. आतल्या खोलीत एक पलंग, खिडकी, आणि टेबलावर दोन्ही कोपर टेकून खुर्चीत बसलेली सून. नवरा नुकताच कामावर गेला होता.

"आलात का काका? बरं झालं बाई. पाणी देऊ?" सासूबाई म्हणाल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पाच रात्री त्यांनीही जागून काढल्या होत्या.

सुनेने मान वर केली. "थँक्यू... काका. खूप..." आणि पुढचं वाक्य तिने सोडून दिलं. तेवढा श्वासच नव्हता.

गादीवाल्याने तिच्या पायांकडे पाहिलं. चपलेचे पट्टे मांसात रुतले होते. कोरडा खोकला येत होता, आणि खोकल्यानंतर... ती बारीक शिट्टी.

"तपासणीला नेलंत का परत?" त्याने विचारलं.

"सोमवारी जायचंय. काही नाही हो काका, सगळ्यांनाच धाप लागते या दिवसांत. मला याच्या वेळी जिना चढवत नव्हता. पोट वर आलंय ना."

गादीवाल्याने चटकन वर पाहिलं. तेच शब्द होते. तोच समजुतीचा सूर. एकवीस वर्षांपूर्वीचं आपलंच बोलणं कुणीतरी जपून ठेवावं आणि आज पुढ्यात आणून वाढावं, तसं.

बोलायला हवं होतं. आत्ताच्या आत्ता हिला घेऊन चला, एवढंच म्हणायचं होतं. पण आपण कोण? लोड पोचवायला आलेला गादीवाला. दोनजिवी बाईसमोर, भरल्या घरात, माझी बायको अशीच गेली असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? जीभ टाळूला चिकटली. तो इतकंच म्हणाला, "पाठीवर निजू नका. टेकून बसा." आणि निघाला.

जिन्यात दोनदा थांबला. दोनदा मागे वळला. दोन्ही वेळा खाली उतरला.

"बोलायला काय झालं होतं?" पुतणी रागावून म्हणाली.

"आपल्याला काय होतं गं बोलायला?" अण्णा म्हणाले. "रोज किती तरी ठिकाणी आपण गप्प बसतो."

आतल्या दाराखाली उजेड लागला. पुतण्याने तिकडे एकदा पाहिलं. उजेड विझला.

गादीवाला दुकानामागच्या त्याच खोलीत झोपायचा. त्या रात्री पाठ टेकली, पण डोळे मिटेनात. बारा वाजले. एक वाजला. बाहेर कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं. त्याने ठरवलं, सकाळी सहाला जायचं. टाके घालायचं निमित्त करून जायचं आणि बोलायचं. सकाळी नक्की.

मग आवाज आला.

आधी वाटलं, उंदीर.

पोटमाळ्यावरून येत होता. बारीक. लांबट. शिट्टीसारखा.

तो उठून बसला. कान दिले.

आत... बाहेर. आत... बाहेर.

श्वास होता.

त्याने दिवा लावला. घड्याळाकडे बघायचं नव्हतं. नजर गेलीच. दोन वाजून दहा मिनिटं.

शिडी लावली. चार पायऱ्या. बॅटरी पुढे धरली. पोटमाळ्यावर रिकामी पोती, कापड मोजायचा मोडका गज, जुनं वजन. आणि भिंतीला टेकलेला तिचा लोड. वरची धूळ एकवीस वर्षांची.

मधोमध खळगा पडला होता.

पाठीएवढा.

त्याच्या डोळ्यांदेखत तो खळगा भरत आला. सावकाश. कुणी टेकलेलं माणूस उठून गेलं की कापूस जसा वर येतो, तसा. त्याने हात लावला.

ऊब होती.

श्वासाचा आवाज आता माळ्यावर नव्हता. खाली होता. दाराशी. मग दाराबाहेर.

गादीवाल्याने चपला घातल्या की नाही, त्याला आठवत नाही. सात मिनिटांचा रस्ता. औषधांच्या दुकानाचं बंद शटर. बेकरीच्या मागच्या भट्टीचा लाल उजेड. कोपऱ्यावरचं कुत्रं, रोज त्याच्या अंगावर धावणारं, भिंतीला चिकटून उभं होतं आणि त्याच्या पुढे कुठेतरी बघत होतं. त्याच्याकडे नाही. त्याच्या पुढे.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत दिवा होता.

जिना. पहिला मजला. दुसरा. अंधार.

वरून कुणीतरी उतरत होतं.

पावलं नव्हती. नुसता श्वास. एक एक पायरी खाली येत होता. वाट द्यावी म्हणून तो भिंतीला लागला. कोऱ्या कापसाचा वास आला. खळ लावलेल्या कापडाचा वास आला. त्याच्या अंगालाही तोच वास असायचा, पण हा समोरून आला.

श्वास त्याच्या बरोबरीला आला.

आता शिट्टी नव्हती. ओढ नव्हती. लांब, भरलेला, पुरता श्वास. पोटभर झोपून उठलेल्या माणसाचा.

"थांब," तो म्हणाला. "बसतो मी तुझ्यापाशी. आता..."

श्वास एक पायरी खाली थांबला.

...

मग पुढे उतरत गेला.

 पुतणीने नकळत भावाचा दंड धरला होता.

"दार उघडंच होतं," अण्णा म्हणाले. "सासूबाई खाटेवर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपलेल्या. पाच रात्रींची जागलेली बाई ती. तिला काय दोष द्यायचा? आत सून पलंगावर पाय सोडून बसली होती. ओठ निळसर. प्रत्येक श्वासाला पाणी उकळल्यासारखा आवाज."

गादीवाल्याला पाहून ती दचकलीसुद्धा नाही.

"काका... त्या बाई कुठे गेल्या?"

"कोण बाई?"

"पाठीशी... बसल्या होत्या." श्वास. "मला आडवं होऊ देईनात. डोळा लागला की... मी घसरायची. त्या उठवायच्या. तीनदा." श्वास. "मग पाठीला पाठ लावून... बसल्याच. मला वाटलं... तुम्ही पाठवलंत."

तो पलंगापाशी वाकला. "काही... बोलल्या?"

"शेवटी एकदा. म्हणाल्या... माणूस येतोय. आज तो झोपलेला नाही. आता मी जाते."

सासूबाईंना जाग आली. परका माणूस घरात बघून त्या धडपडत उठल्या. "कोण ते? काका? अहो, ही काय यायची वेळ झाली?"

या वेळी जीभ चिकटली नाही. "ताई, हिला आत्ता न्यायचं. सकाळी नाही, आत्ता. सगळ्यांना असं होत नसतं. माझी बायको अशीच बसून होती. मी तिला सरळ निजवलं आणि ती गेली. हिचे ओठ बघा."

सासूबाईंनी पाहिलं.  तपासणीचे कागद घेतले, शाल घेतली, मुलाला फोन लावला. रुग्णवाहिकेवाले म्हणाले, पाऊण तास लागेल. तेव्हा गादीवाल्याने अण्णांना फोन केला. दोन वाजून बत्तीस मिनिटांनी. फोनमध्ये ती नोंद अण्णांनी अजून पुसलेली नाही.

खुर्चीत बसवून तिला तीन मजले उतरवलं. टेम्पोत गाद्या होत्याच, सकाळी पोचवायच्या. तिला आडवी केली नाही. बसवली, निळ्या पट्ट्यांचा लोड पाठीशी दिला, आणि लोडाला आपली पाठ लावून गादीवाला बसला. उभ्या उभ्या झोपणारा माणूस तो. दवाखाना येईपर्यंत डोळ्याची पापणी न लववता तिचे श्वास मोजत होता. मोठ्याने. अण्णांना पुढे ऐकू येत होतं. आकडा चुकला की अण्णांचा पाय ब्रेकवर जायचा.

दवाखान्यात धावपळ झाली. प्राणवायू लावला, इंजेक्शनं झाली. पहाटे डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. फुफ्फुसांत पाणी झालं होतं, म्हणाल्या. हृदयाने दम सोडला होता. आणखी तासभर उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते. आणि निजवून न आणता बसवून आणलंत, ते फार बरं केलंत. छापखानेवाला शाईचे हात तसेच घेऊन भिंतीपाशी उभा होता. मुलगी झाली. वजन कमी, पण आवाज असा की सगळ्या मजल्याला कळलं. आईला नऊ दिवस काचेच्या खोलीत ठेवलं. दहाव्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. अजून औषधं चालू आहेत, पण हसते, बोलते, सासूशी भांडतेसुद्धा.

पण हे नंतरचं. त्या सकाळी, शुक्रवारी साडेसहाला, दोघं दवाखान्याच्या फाटकाशी टेम्पोत बसले होते. गादीवाल्याने सवयीने खिशातली जाड सुई काढली. म्हणाला, "एवढं तोंड शिवून टाकतो अण्णा. कच्चं राहिलंय. रात्रभर मनात होतं." लोड मांडीवर ओढला, टोकाशी अंगठा फिरवला.

अंगठा थांबला.

त्याने लोड उलटा करून दुसरं टोक पाहिलं. ते त्याचंच होतं, उजवीकडे झुकलेले टाके. परत पहिल्या टोकाशी आला. कच्चे टाके नव्हते. दुहेरी शिवण. दाट. गाठ आत लपवलेली.

आणि सगळे टाके डावीकडे कललेले.

त्याने वर जाऊन सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्हाला कुठली सवड काका? आणि एवढी जाड सुई तरी आहे का आमच्या घरात?"

गादीवाला खाली आला. सुई खिशात ठेवली. त्या शिवणीवर हात ठेवून तिथेच, टेम्पोत, तो झोपला. बसल्या बसल्या. दुपारपर्यंत अण्णांनी त्याला उठवलं नाही.

अण्णांचं बोलणं संपलं. खालच्या रस्त्यावरून एक सायकल गेली. तिची साखळी वाजत वाजत लांब गेली.

"मग तो लोड?" पुतणीने हळूच विचारलं.

"छापखानेवाल्याच्या बायकोने घरी आल्यावर परत पाठवला. म्हणाली, पुढे जिला नववा लागेल तिला द्या. चार घरं फिरला तेव्हापासून. मीच पोचवतो." अण्णा पुतण्याकडे वळले. "आज दुपारी तुझ्या बायकोला दिला. निळ्या पट्ट्यांचा. तू पाहिला असशील."

 पुतण्याने तो पाहिला होता. जुना आणलाय म्हणून नाक मुरडलं होतं. आतलं दार लोटलेलं होतं आणि त्याखाली पुन्हा उजेड आला होता.

"तिलाही धाप लागते, अण्णा," तो शेवटी म्हणाला. "मी तिला म्हटलं..." पुढचं त्याने गिळलं.

"काय म्हटलंस ते कळलं मला. पाय सुजलेत?"

"थोडे. संध्याकाळी."

"थोडे की किती, ते दिव्यात नीट बघ. बहुतेक घरी ते साधंच असतं, घाबरून जाऊ नकोस. पण ते साधं आहे हे डॉक्टरांनी सांगायचं, तू नाही. सकाळी ड्यूटी राहू दे, तपासणीला ने. आणि रात्री बसूनही श्वास पुरेनासा झाला तर सकाळचीही वाट बघायची नाही. मला हाक मार. टेम्पो खाली आहे, चावी उशाखाली."

पुतण्या उठला. दारापाशी जाऊन थांबला. आतून बांगडी वाजली, लोड सरकल्याचा आवाज आला.

"अण्णा... ती येते? प्रत्येक घरी?"

"मला काय माहीत. मी फक्त माल पोचवतो."  मग अण्णा आवाज खाली आणून म्हणाले, "पण ती एकटी आहे रे, आणि घरं किती. बोललेला नवस ती मेल्यावरही सोडत नाही, आणि आपण जिवंत माणसं बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकतो. दर वेळी तिनेच का उठून यावं? ते अंथरूण गुंडाळ. देवासमोर उभा राहा आणि तूही तिच्यासारखंच बोल. मोठं काही नको. आजची रात्र बायकोच्या उशाशी जागा बसेन, तिचा श्वास ऐकेन, एवढंच. बोल बाळा... आणि जरा मोठ्याने बोल. जिन्यापर्यंत ऐकू जाऊ दे."